आडनाव बदलूक नाय गो?

गणपतीला चाकरमानी गावात उतरले की मालवणकडच्या घराघरांत चौकशांना ऊत येतो. पगार किती, जागा घेतली का, पाळणा कधी हलणार. हल्ली त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. नवी सून माटवीला कवंडळं बांधू लागलेली असते आणि पडवीतून काकीचा आवाज येतो, ‘आडनाव बदलूक नाय गो?’ पाठोपाठ ‘घोवाक चलता?’, म्हणजे नवऱ्याला चालतं का, आणि मग सासूला ऐकू जाईल असा एक उसासा.

गंमत अशी की खुद्द काकीलाही गाव तिच्या माहेरानेच ओळखतं. आचऱ्याहून आली ती आचरेकारीण, वेंगुर्ल्याची ती वेंगुर्लेकारीण. रेशनकार्डावर ती परब किंवा राणे होऊन पन्नास वर्षं लोटली, तरी पाणंदीतली हाक तीच. मग नव्या सुनेने तीच ओळख आधारकार्डावर ठेवली तर बिघडलं कुठे?

तरी काकीचा प्रश्न निव्वळ भोचकपणाचा नाही. कोकणात आडनावाला वाडी, देऊळ, मानपान, जमीन असं सगळं चिकटलेलं असतं. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत तर वाडी आणि आडनाव एकच. ‘तू आता कुठल्या घरची?’ एवढंच काकीला विचारायचं असतं. पण गौरीचा ओवसा सुनेने कुठल्या घरात भरायचा, हे तिच्या आधारकार्डावरून ठरत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. पत्नीने पतीचं आडनाव लावावं असं १९५५चा हिंदू विवाह कायदा कुठेही म्हणत नाही. विवाह नोंदणीचा दाखला लग्न झाल्याचा पुरावा असतो. तेवढ्याने नाव आपोआप बदलत नाही. पासपोर्टसाठीही नाव बदलण्याची गरज नाही. जपानमध्ये मात्र जोडप्याला एकच आडनाव लावण्याची कायद्याने सक्ती आहे आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती २०१५ आणि २०२१ साली कायम ठेवली. आपल्याकडे सक्ती आहे ती पडवीतली.

खरी कसोटी लागते सातबाऱ्यावर. इथल्या जमिनी बहुतेक सामायिक. एकेका उताऱ्यावर नावांची रांग. वडील गेल्यावर वारस नोंद करायची वेळ येते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला भावाइतकाच हक्क मिळाला. लग्न झालं किंवा आडनाव बदललं म्हणून तो जात नाही. पण शाळेचा दाखला एका नावाचा आणि आधार दुसऱ्या नावाचं असलं, की ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करा, तलाठ्याकडे खेपा घाला. आडनाव न बदलणारीची ही कटकट वाचते. तिची वेगळी असते: पती-पत्नीची आडनावं जुळत नाहीत म्हणून कुणी भुवई उंचावतं. त्यासाठी विवाहाच्या दाखल्याची प्रत मोबाईलमध्ये असावी.

राहिलं पडवीतलं उत्तर. काकीला कलमं ऐकवण्यात अर्थ नाही. ‘म्हायेरचाच ठेवलंय काकी, तुमकापण अजून आचरेकारीणच म्हणतत मा?’ एवढ्यावर पडवी हसते आणि विषय नेवऱ्यांकडे वळतो. ‘घोवाक चलता?’ याला ‘तेकाच इचारा’ पुरे. मात्र तेव्हा घोवाने मोबाईलमध्ये डोकं घालून बसता कामा नये. सुनेची दहा वाक्यं जे करत नाहीत ते त्याचं एक ‘माका चलता’ करतं.

‘पोरांचा आडनाव काय लावतलास?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. तो दोघांनी आधीच बोलून ठेवावा. राज्य सरकारच्या निर्णयाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचं नाव आलं. शेवटी आडनाव आहेच. त्याच निर्णयाने विवाहितेसाठी मात्र तिचं नाव, पतीचं नाव आणि आडनाव ही चालत आलेली पद्धत चालू ठेवली. त्यामुळे सेवा केंद्रातला मुलगा ‘मिस्टरांचं नाव?’ एवढंच विचारून पुढचं आडनाव स्वतःच टाईप करून मोकळा होतो. पावती निघण्याआधी पडदा आपल्याकडे वळवून वाचून घ्यावा.