पेटी उघडली की मेज

गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जो चढून गेला असेल, त्यानं तिथले सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड पाहिले असतील. ख्वाजा शेख फरीद बाबांची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा सगळा माल जागच्या जागी दगड झाला, अशी त्यांची कथा इथं लहान पोरही सांगतं. भूगर्भाचे जाणकार त्यांना झिओलाइट जातीचे खडे म्हणतात. कथा कशीही घ्या, पण फिरतीवर माल घेऊन निघालेल्या माणसाचं ओझं दुपारपर्यंत दगड होतं, हे मात्र बाजार करणाऱ्या कोणालाही विचारावं.

आज लिहितो आहे ते या ओझ्याबद्दलच. सामानाची पेटी आणि ते मांडायचं मेज या दोन वस्तू वेगळ्या कशाला हव्यात? पेटीचंच मेज का होऊ नये?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण गावातलं कोणतंही शिबिर आठवून पाहा. पारावर नाही तर शाळेच्या ओट्यावर गर्दी जमते. अर्ज भरायचे असतात. कोणी मांडीवर कागद ठेवून लिहितो, कोणी मोटारसायकलच्या सीटवर, कोणी पुढच्याच्या पाठीवर. खाते क्रमांकातला ३ चा ८ होतो, अंगठ्याची शाई नावावर फाकते. मग महिन्यानं कळतं की अर्ज परत आला. तलाठी आणि ग्रामसेवक (पदनामं आता बदलली, गावाच्या तोंडी हेच शब्द आहेत) यांनी हे शंभरदा पाहिलं आहे. चूक अक्षराची नसते, खाली फळी नसते म्हणून ती होते.

बचत गटाच्या भगिनींचं दुखणं वेगळं. पापड, हळद, तिखट, लोणच्याच्या बरण्या असा माल चांगला असतो, पण बाजारात तो पोत्यावर, धुळीत मांडावा लागतो. गिऱ्हाईक वाकून पाहत नाही, आणि विकणारी बाई दिवसभर उकिडवी बसून संध्याकाळी कंबर धरून उठते. तोच माल कमरेच्या उंचीवर, पांढऱ्या फळीवर ठेवला तर गिऱ्हाईक हात लावून पाहतं. हात लावला की भाव विचारतं.

आपल्याकडे हे नवं नाही

न्हाव्याची धोपटी आठवा. खांद्यावर असते तेव्हा ते सामान, झाडाखाली उघडली की दुकान. कडकलक्ष्मीवाला डोक्यावरचा देव्हारा खाली ठेवून दारं उघडतो, तेव्हा भर रस्त्यात देऊळ उभं राहतं. भजनी मंडळात सुटकेससारखी बंद होणारी हार्मोनियमची पेटी असते. मूठ धरून उचलायची, झाकण काढून वर ओढली की सूर धरायला तयार. जुन्या नाटक मंडळ्यांची पायपेटी तर पायांसकट घडी होऊन खोक्यात बसायची. उचलायची वस्तू आणि कामाची वस्तू एकच असावी, ही अक्कल आपल्या कारागिरांना फार पूर्वीपासून आहे.

पण या विचारावर खोल डोकं चाललं ते चरख्यावर, आणि त्याचा आपल्या वर्धा जिल्ह्याशी घट्ट संबंध आहे. जुना उभा चरखा म्हणजे मोठं चाक. चाक मोठं कशाला, तर हाताच्या एका फेऱ्यात चातीचे पुष्कळ फेरे व्हावेत म्हणून. असा चरखा घरात ठीक, पण गाडीत, सभेत, प्रवासात न्यायचा कसा? अखिल भारत चरखा संघानं १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचल्या तर आजही कोणी यंत्र तयार करणाऱ्यानं भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. चरखा हलका, नेता येण्याजोगा असावा, खेड्यातल्या घरात हातानं किंवा पायानं चालावा, बाईला आठ तास काम करता यावं, किंमत १५० रुपयांच्या आत असावी, आणि तो २० वर्षं टिकावा. महाराष्ट्रातल्या गणेश भास्कर काळे यांनी किर्लोस्करवाडीत चरखा तयार करून या स्पर्धेत उतरवला होता. पण सगळ्या अटी कोणाच्याच यंत्रानं पुऱ्या केल्या नाहीत आणि लाखाचं बक्षीस तसंच राहिलं.

पेटी चरखा मात्र दुसऱ्या वाटेनं आला. मे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली आणि जानेवारी १९३१ पर्यंत ते येरवड्याच्या तुरुंगात होते. तिथं त्यांनी लहान, आडव्या चाकांच्या चरख्यावर मेहनत घेतली, म्हणून त्याला ‘येरवडा चक्र’ हे नाव पडलं. युक्ती अशी की एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाकं. समजा पहिलं चाक दुसऱ्याला ८ पट फिरवतं आणि दुसरं चाक चातीला १० पट, तर एकूण ८० पट. चाकं लहान झाली, पेटीत आडवी मावली, चाती घडी होऊन आत गेली, सूत गुंडाळायचा फाळकाही सुटा करून त्याच पेटीत बसला. झाकण लावलं की हातात धरायची पेटी. पुढं तर जाड पुस्तकाएवढे चरखेही निघाले.

यातली गोम शेतकऱ्याच्या चटकन लक्षात येईल. नुसती वस्तू लहान केली नाही. लहान केल्यावर तिचं काम कमी होऊ नये म्हणून आतली रचनाच बदलली. बाजारातलं बरंचसं घडीचं सामान इथंच मार खातं. ते घडी होतं खरं, पण उघडल्यावर काम देत नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत डिसेंबर १९३८ मध्ये सुरू झालेलं मगन संग्रहालय अजून आहे. तिथं चरख्यांचे नाना प्रकार पाहायला मिळतात. समुद्रपूर-हिंगणघाटकडून वर्ध्याला कामासाठी जाणाऱ्यांनी एकदा तरी तासभर काढावा, आणि गावच्या सुताराला सोबत न्यावं. आपल्याला दिसत नाही ते त्याला दिसेल.

आधी अडचण समजून घ्या

पेटीचं मेज म्हटलं की पहिली कल्पना सुचते ती अशी : सुटकेस पुस्तकासारखी उघडायची, पालथी घालायची, आतून पाय काढायचे. शहरात मिळणारी सहलीची घडीची टेबलं अशीच असतात. पण त्यांत एक मोठी फसगत आहे. पेटी पालथी करायची तर आतलं सामान आधी बाहेर काढावं लागतं. सामान काढल्याशिवाय मेज होत नाही, आणि मेज झाल्याशिवाय सामान ठेवायला जागा नाही! पावसाळ्यात चिखलात उभं राहून हा खेळ करून पाहा.

म्हणून पेटी पालथी न घालता सुलटीच ठेवायची. पेटी चरख्यानं आणि हार्मोनियमनं हेच केलं. पाय बाहेरून, तळाखाली घडी झालेले. ते उघडले की पेटी कमरेच्या उंचीला उभी राहते. झाकण मागं पूर्ण उघडून आडवं टेकवायचं, ती झाली लिहायची फळी. पेटीच्या पोटात सामान जिथल्या तिथं. म्हणजे अर्ध्या भागात दुकान, अर्ध्या भागात टेबल.

मापं सुताराच्या इंचात देतो. पेटी २४ इंच लांब, १८ इंच रुंद, ५ इंच खोल. झाकण १८ इंच बाजूला उघडलं की एकूण जागा ३६ बाय २४ इंच मिळते. पाय २२ इंचाचे. पेटीची खोली धरून उंची २७ ते २८ इंच होते. शाळेच्या खुर्चीवर बसून लिहिता येतं, उभं राहून विकताही येतं.

पायांच्या दोन जोड्या, प्रत्येक जोडी आडव्या पट्टीनं सांधलेली. दोन्ही जोड्या तळाखाली एकमेकींवर घडी व्हायच्या, तेव्हा त्या आपसांत अडकतात. यावर उपाय जुनाच आहे. एका जोडीच्या बिजागरीखाली लाकडाची इंचभर गट्टी बसवायची, म्हणजे ती जोडी दुसरीच्या वरून घडी होते. त्या जोडीचे पाय तेवढेच इंचभर आखूड कापायचे. हे सुताराला आधीच सांगा, नाहीतर मेज एका अंगाला झुकेल. पाय उघडल्यावर पुन्हा मिटू नयेत म्हणून प्रत्येक जोडीला एक तिरपी लोखंडी पट्टी हवी. तिच्या टोकाला खाच करायची, ती तळाच्या स्क्रूत अडकते.

आता वजन. झाकण आणि बाजू १२ मिलीमीटरच्या, तळ ६ मिलीमीटरचा प्लाय, पाय सागाच्या इंचभर रिपेचे धरले तर रिकामी पेटी अंदाजे ७ किलोची होते. आत ५ किलो माल घाला, म्हणजे १२ किलो. मोटारसायकलच्या कॅरियरवर हे ओझं काही नाही, आणि एका हातानं बसमध्येही चढवता येतं. निव्वळ सागाची, पाऊण इंच फळीची पेटी करू नका. ती दिसेल सुंदर, पण घरातून हलणार नाही.

झाकणाचा तोल नीट समजून घ्यायला हवा. झाकण पायांच्या बाहेर लोंबतं. पोटात ५ किलो सामान असेल तेव्हा फळीच्या मध्यावर साधारण ७-८ किलोचा दाब ती सोसते, कडेला त्याच्या निम्माच. पेटी रिकामी असेल तर माणसानं कोपर टेकलं की उलटलीच. म्हणून झाकणाच्या बाहेरच्या कडेला घडीचा एक टेकू लावायलाच पाहिजे. हा पाचवा पाय वाचवू नका.

आपल्या काळ्या मातीत आणखी एक गोष्ट. चार टोकदार पाय पावसानंतर वावरात सरळ रुततात. प्रत्येक जोडीच्या पायथ्याला आडवी पट्टी ठोकली की वजन पसरतं. जमीन खालीवर असेल तर पट्टीखाली चपटा दगड सरकवावा, आणि बिजागऱ्या फार आवळू नयेत. इंग्रजांच्या फौजेसाठी रुरकीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक सुटी होणारी खुर्ची निघाली. तिचे सांधे मुद्दाम थोडे सैल ठेवलेले असत, त्यामुळं चारही पाय ओबडधोबड जमिनीवर टेकत. ताठ सांध्याला जमीन सपाट लागते, आणि आपल्याकडे तीच मिळत नाही.

वावरात उपयोग

वरच्या फळीला पांढरा सनमायका लावा, फुलाफुलांचा नको. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस खाल्ला, ते कोणी विसरलं नसेल. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री ८ किंवा जास्त पतंग आले, किंवा वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं फोडून २ बोंडांत अळी किंवा तिनं केलेलं नुकसान दिसलं, तर नुकसानीची पातळी गाठली असं आम्ही सांगतो. पण धुऱ्यावर उभं राहून हातावर बोंडं फोडली की पाच-सहा फोडून माणूस कंटाळतो. ‘अळी आहे’ म्हणून पंप काढतो, नाहीतर ‘नाही’ म्हणून निघून जातो. फळीवर वीस बोंडं ओळीनं मांडून फोडली तर पांढऱ्यावर गुलाबी अळी लपत नाही, आणि मोजणी पुरी होते. त्याच २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक जीव गेले. विनाकारण केलेली एक फवारणी वाचली, तर पैसे वाचतातच, अंगावर जाणारं विषही वाचतं.

माती परीक्षणाचा नमुना घेताना आठ-दहा जागची माती एकत्र करून, चार भाग पाडून, समोरासमोरचे दोन टाकायचे असतात. शेवटी अर्धा किलो उरेपर्यंत हे करायचं. त्याला स्वच्छ, सपाट जागा हवी. खताच्या रिकाम्या पोत्यावर हे केलं तर नमुन्यात खतच मोजलं जाईल. घरच्या सोयाबीनची उगवण तपासतानाही १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मोजायला फळी बरी पडते. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो बियाणं, कमी उगवले तर त्या मानानं वाढवायचं.

मात्र ज्या फळीवर पापड मांडायचे तिच्यावर औषधाची बाटली ठेवू नये. गटाची पेटी वेगळी, वावराची वेगळी. दोन्हींवर रंगानं खूण करा.

करून घ्यायची तर

एका पेटीला १२ मिलीमीटरचा सहा चौरस फूट प्लाय लागतो. ८ बाय ४ फुटांच्या एका पत्र्यातून चार पेट्या सहज निघतात, तेव्हा चौघांनी किंवा चार गटांनी मिळून काम द्यावं. प्लाय पाणी सोसणाराच घ्या. कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निशचे दोन हात द्या, पाणी आधी तिथूनच शिरतं. पायांना आणि टेकूला मिळून १५ फूट रिप पुरते. सागाचं लाकूड पावतीचंच घ्यावं. बिजागऱ्या पितळेच्या परवडल्या तर उत्तम, नाहीतर लोखंडी घेऊन दर पावसाळ्यापूर्वी तेल घाला.

पहिली पेटी एकच करवा. ती महिनाभर बाजाराला, शिबिराला, वावराला नेऊन पाहा आणि जे अडेल ते सुताराला दाखवा. बाकीच्या तीन त्यानंतर कापायला सांगा. वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी फळीवर आडवी ताणून बसवा. तिला खर्च काही नाही, आणि वावरात पहिल्याच दिवशी तिची गरज पडेल.