एका खांद्यावरचे ओझे

संगणकाच्या ज्या आज्ञावली कोणीही पाहाव्यात, सुधाराव्यात अशा खुल्या असतात, त्यांची निगा पुष्कळदा एकटा स्वयंसेवक बिनपगारी राखतो. माहिती आवळून साठवणाऱ्या ‘एक्सझेड’ या आज्ञावलीचा सांभाळकर्ता असाच थकला होता. मदतनीस म्हणून आलेल्या परक्याने विश्वास संपादला आणि २०२४ साली तीत चोरवाट ठेवली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती पकडली.

१९९३ साली निघालेल्या ‘डेबियन’मध्ये कित्येक आज्ञावली गट मिळून सांभाळतात, ज्याला झेपेनासे होते तो तसे जाहीर करतो, दुसरा भार घेतो. कामगार संघटनेत आम्ही हेच शिकलो: किल्ली पारखलेल्या दोघातिघांकडे असावी, एकाचे काम दुसऱ्याने तपासावे, आणि ‘थकलो’ म्हणण्यात कमीपणा नसावा.