प्वेब्लोंची मडकी आणि परके गिऱ्हाईक

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या, आजच्या न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनातल्या प्वेब्लो या मूळनिवासी लोकांच्या गावांत मडकी घडवणे हे मुख्यतः बायकांचे काम. चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भांडे उभे करायचे, दगडाने घोटायचे, युक्काच्या पानाच्या कुंचल्याने नक्षी काढून उघड्यावर भाजायचे. बाहेरच्यांच्या संपर्काने ही रीत फारशी बदलली नाही. बदलले ते भांडे कोणासाठी घडवायचे, हे.

1598 मध्ये स्पॅनिश वसाहत झाली. मिशनऱ्यांसाठी रुंद काठाच्या ताटल्या, मेणबत्तीच्या बैठका घडू लागल्या. स्पॅनिशांनी आणलेल्या गुराढोरांमुळे भाजणीला शेणाचे नवे इंधनही मिळाले.

1880 मध्ये रेल्वे आली आणि तिच्यातून स्वस्त पत्र्याची भांडी. स्वयंपाकघरातून मडकी हटू लागली, पण त्याच गाडीने पर्यटकही उतरले. तेसुके गावात मांडीवर मडके धरून बसलेल्या ‘पर्जन्यदेवां’च्या छोट्या मूर्ती सांता फेच्या व्यापाऱ्यांसाठी ढिगाने होऊ लागल्या. गावाच्या धर्मात या देवांना काहीच स्थान नव्हते.

पुरातत्त्वज्ञांचा प्रभाव अधिक खोल गेला. होपी प्रदेशातल्या नांपेयोने सिक्यात्की या उजाड गावातल्या जुन्या खापरांवरची नक्षी पुन्हा जिवंत केली. 1895 मध्ये तिथे उत्खनन करणाऱ्या फ्यूक्स यांना याचे श्रेय बरेच दिले गेले. पण नांपेयोचा जुन्या नक्षीकडचा ओढा त्याआधीचाच होता, असे अनेक अभ्यासक मानतात.

सान इल्देफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझला उत्खननप्रमुख हेवेट यांनी जुन्या खापरांसारखी भांडी करायला सांगितले. त्यानंतरच्या प्रयोगांतून 1919 च्या सुमारास तिची आणि नवरा हुलियनची प्रसिद्ध काळी भांडी आली. आच पुरेशी चढली की जाळावर शेणाचा भुगा लोटायचा. हवा कोंडते, धूर आत घुमतो आणि लाल भांडे काळेभोर होते. घोटलेला भाग चकाकतो, हुलियनने रंगवलेली नक्षी मंद राहते. आज ‘अस्सल पारंपरिक’ म्हणून विकली जाणारी ही शैली जेमतेम शंभर वर्षांची आहे.

पूर्वी मडक्यावर घडवणारीचे नाव नसे. ते गिऱ्हाइकांना हवे होते. 1920 च्या दशकात मारिया सही करू लागली आणि सहीच्या भांड्याला भाव जास्त मिळू लागला. तेव्हा गावातल्या इतर बायकांच्या भांड्यांवरही तिने आपले नाव घातले.