पाच सामने, पाचही जादा वेळेत

टोरंटो मेपल लीफ्सने माँट्रियल कनेडियन्सला 4–1 असं हरवलं. 1951 सालच्या स्टॅनले कप अंतिम मालिकेची नोंद एवढीच वाचली, तर मामला एकतर्फी होता असं कुणालाही वाटेल. सात सामन्यांची मालिका पाचातच आटोपली म्हणजे माँट्रियलची डाळ शिजलीच नसणार! प्रत्यक्षात त्या अकरा दिवसांत दोन्ही शहरांतल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पाचही सामने 60 मिनिटांनंतर बरोबरीत होते आणि पाचही जादा वेळेतल्या एकेका गोलने निकाली निघाले. स्टॅनले कपच्या अंतिम मालिकेत असं आधी कधी घडलं नव्हतं आणि त्यानंतरही घडलेलं नाही.

आइस हॉकी आपल्याकडे लडाख सोडलं तर फारशी कुणी पाहिलेली नसते, म्हणून थोडं नियमांविषयी. बर्फाच्या रिंकवर एका संघाचे सहा जण उतरतात, त्यातला एक गोलरक्षक. चेंडूच्या जागी ‘पक’ नावाची कडक रबराची चकती असते, वजन साधारण 170 ग्रॅम. 20 मिनिटांचे तीन भाग. खेळ चालू असतानाच दमलेले गडी बाहेर येतात आणि ताजेतवाने आत उड्या मारतात, त्यामुळे वेग उतरतच नाही. बाद फेरीत बरोबरी झाली की टायब्रेकर वगैरे भानगड नाही. पुन्हा खेळ सुरू, आणि ज्याचा गोल आधी तो जिंकला. मग तो गोल पुढच्या मिनिटाला होवो की पहाटे दोनला. या प्रकाराला तिकडे ‘सडन डेथ’ म्हणतात.

त्या काळी स्टॅनले कपसाठी खेळणाऱ्या नॅशनल हॉकी लीगमध्ये फक्त सहा संघ होते. कॅनडाचे टोरंटो आणि माँट्रियल, बाकी चार अमेरिकेचे. टोरंटो इंग्रजी बोलणाऱ्यांचं, तर माँट्रियलचा संघ हा क्यूबेकमधल्या फ्रेंचभाषकांचा जीव की प्राण. कॅनडात टीव्ही यायला अजून वर्षभराचा अवकाश होता. सगळा देश शनिवारी रात्री रेडिओला कान लावून बसायचा आणि समालोचक फॉस्टर ह्युइटच्या आवाजात हॉकी ऐकायचा.

साखळीतले आकडे पाहिले तर माँट्रियल अंतिम फेरीत असायलाच नको होतं. 70 सामन्यांत डेट्रॉइटचे 101 गुण, टोरंटोचे 95 आणि माँट्रियलचे जेमतेम 65. पण माँट्रियलकडे मॉरिस रिचर्ड होता. ‘रॉकेट’ या नावाने ओळखला जाणारा हा आघाडीपटू 50 सामन्यांत 50 गोल करणारा लीगमधला पहिला खेळाडू. उपान्त्य फेरीत डेट्रॉइटविरुद्धचा पहिला सामना चौथ्या जादा भागापर्यंत ताणला गेला, दुसरा तिसऱ्यापर्यंत. दोन्ही वेळा शेवटचा गोल रिचर्डचाच. गोलपोस्टमध्ये उभा होता गेरी मॅकनील. नामांकित गोलरक्षक बिल डर्नन निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी आलेला, तेही मुखवट्याशिवाय. गोलरक्षकाने तोंडावर मुखवटा लावायची पद्धत पडायला अजून आठ वर्षं होती. वेगाने येणारं ते रबर चुकून तोंडावर बसलं की टाके घालायचे आणि परत उभं राहायचं.

टोरंटोचा प्रशिक्षक जो प्रिमो त्या पदावर नवखा होता, पहिलाच हंगाम. समोर माँट्रियलचा डिक आयर्विन. मौज अशी की 1932 साली टोरंटोने कप जिंकला तेव्हा आयर्विन त्या संघाचा प्रशिक्षक होता आणि प्रिमो त्याच्या हाताखालचा खेळाडू. त्यामुळे ही गुरू-शिष्याचीही लढत होती.

11 एप्रिलला टोरंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये मालिका सुरू झाली. पंधराव्या सेकंदाला सिड स्मिथने गोल केला. प्रेक्षक धड बसलेसुद्धा नसतील. शेवटचा, 3–2 असा निकाल लावणारा गोलही स्मिथचाच, जादा वेळेच्या 5 मिनिटं 51 सेकंदांना. तीन दिवसांनी माँट्रियलने 3–2 अशीच परतफेड केली. गोल कुणाचा हे सांगायची गरज नाही. रिचर्ड मॅकनीलच्या पुढे असेल तोवर जादा वेळ म्हणजे माँट्रियलचं राखीव कुरण, असं तेव्हा वाटणं स्वाभाविक होतं.

पुढचे दोन सामने माँट्रियलच्या घरच्या रिंकवर, फोरममध्ये. इथे पारडं फिरलं. प्रिमोने 36 वर्षांच्या टर्क ब्रोडाला विश्रांती दिली आणि दुखापतीतून बाहेर आलेल्या अल रोलिन्सला गोलमध्ये उभं केलं. तिसऱ्या सामन्यात कर्णधार टेड केनेडीचा गोल, चौथ्यात हॅरी वॉटसनचा. 2–1 आणि 3–2. परक्या घरात दोन्ही सामने जादा वेळेत खिशात घालून टोरंटो 3–1 ने पुढे गेलं.

जादा वेळेची एक गंमत बेरीज केल्यावर कळते. पाचही सामन्यांतला जादा खेळ मिळून होतो 21 मिनिटं 41 सेकंद. डेट्रॉइटविरुद्धच्या एकाच सामन्यात माँट्रियल याच्या जवळजवळ तिप्पट जादा वेळ खेळलं होतं. म्हणजे या मालिकेत दोन्ही संघ थकून, रेंगाळत शेवटाकडे जात नव्हते. साठ मिनिटं कुणी कुणाला हलू देत नव्हतं आणि मग पाच-सहा मिनिटांच्या आत फैसला. एकूण गोल पाहा: टोरंटो 13, माँट्रियल 10. त्या दहांतले पाच एकट्या रिचर्डचे, प्रत्येक सामन्यात एक. तरीही तो हरणाऱ्या संघात राहिला. एकखांबी तंबू किती काळ उभा राहतो याचा अंदाज प्रिमोला आला असावा.

पाचवा सामना 21 एप्रिलला, शनिवारी. टोरंटोत शनिवारच्या सामन्याला आणखी एक धाक असायचा. रविवारी खेळ खेळवायला शहरात कायद्याने बंदी होती. बोस्टनविरुद्धच्या उपान्त्य फेरीतला एक सामना याच पायी 1–1 असा अर्धवट थांबवावा लागला होता, कारण जादा वेळ खेळता खेळता मध्यरात्र जवळ आली.

त्या रात्री मात्र घड्याळाचा धाक वेगळ्याच कारणाने होता. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा माँट्रियल 2–1 ने पुढे होतं. प्रिमोने रोलिन्सला बाहेर बोलावलं आणि त्याच्या जागी सहावा हल्लेखोर पाठवला. आइस हॉकीतला हा जुना जुगार आहे. आपली गोलपोस्ट ओस टाकायची आणि समोर एक माणूस वाढवायचा. पक माँट्रियलच्या हाती लागला तर रिकाम्या जाळ्यात गोल, खेळ खल्लास. पण माँट्रियलच्या गोलजवळ पंचाने पक टाकून खेळ सुरू केला, त्या फेस-ऑफमध्ये केनेडीने पक मिळवला, मॅक्स बेंटलीने गर्दीतून फटका हाणला आणि झटापटीतून टॉड स्लोनने तो आत ढकलला. सामना संपायला तेव्हा 32 सेकंद बाकी होते. टोरंटोचा पहिला गोलही स्लोनचाच.

मग जादा वेळ. बिल बॅरिल्को, वय 24, पाच नंबरचा बचावपटू, उत्तर ऑन्टॅरिओतल्या टिमिन्स या सोन्याच्या खाणींच्या गावचा. 1947 मध्ये टोरंटोने त्याला थेट हॉलिवूड वुल्व्हज या कॅलिफोर्नियातल्या संघातून बोलावून घेतलं होतं. प्रतिस्पर्ध्याला आडवं करण्यात त्याचा हातखंडा, गोल करण्यात नव्हे. त्या हंगामाच्या साखळीत त्याचे गोल होते फक्त सहा. त्याचा भर पुढे धावण्याचा, आणि प्रिमो त्याला मागे राहायला बजावून थकलेला. टोरंटोच्या हॉवी मीकरने गोलपोस्टच्या मागून पक पुढे सरकवला, तो सुटून मोकळ्या जागेत आला आणि बॅरिल्को आपली जागा सोडून सुसाट आत घुसला. तोल जाता जाता त्याने फटका मारला. 2 मिनिटं 53 सेकंद. कप टोरंटोचा.

नॅट टुरोफ्स्की या छायाचित्रकाराने नेमका तोच क्षण पकडला. बॅरिल्कोचे पाय बर्फावरून सुटलेले, अंग पुढे झोकलेलं, मॅकनील मागच्या मागे कोसळलेला आणि पक जाळ्यात. कॅनडात हॉकीची जी मोजकी छायाचित्रं घराघरांत पोचली, त्यांत हे आहे.

बॅरिल्कोचा हा चौथा कप होता, पाच हंगामांतला. पाचवा त्याला खेळायला मिळालाच नाही. ऑगस्टमध्ये तो एका मित्राच्या छोट्या विमानातून उत्तर क्यूबेकला मासेमारीला गेला. 26 तारखेला परतीच्या वाटेवर ते विमान दिसेनासं झालं. कॅनडाने तोवर क्वचितच पाहिलेली मोठी शोधमोहीम निघाली, हाती काही लागलं नाही. माणूस सापडेना म्हटल्यावर अफवांना ऊत आला. कुणी म्हणालं, सोन्याची तस्करी करत होता. कुणी त्याच्या युक्रेनी घराण्याकडे बोट दाखवून म्हणालं, रशियाला पळून जाऊन तिथल्या पोरांना हॉकी शिकवतोय! जून 1962 मध्ये एका हेलिकॉप्टर वैमानिकाला ऑन्टॅरिओतल्या कॉक्रेन गावाच्या उत्तरेला, सुमारे 100 किलोमीटरवरच्या जंगलात, ते विमान दिसलं. आत दोघांचे अवशेष होते.

या मधल्या काळात जवळजवळ शेवटपर्यंत टोरंटोला कप मिळाला नव्हता. बॅरिल्को सापडेपर्यंत मिळणार नाही, अशी समजूत लोकांत रुजली होती. खरा क्रम उलटा आहे. टोरंटोने 22 एप्रिल 1962 ला कप जिंकला आणि विमान सापडलं त्यानंतर काही आठवड्यांनी. पण दंतकथेपुढे तारखांचं कोण ऐकतो! 1992 मध्ये ‘द ट्रॅजिकली हिप’ या कॅनेडियन बँडने त्याच्यावर ‘फिफ्टी मिशन कॅप’ हे गाणं केलं, आणि बॅरिल्कोला कधीच न पाहिलेल्या पिढीला तो माहीत झाला. त्याच वर्षी क्लबने त्याचा पाच नंबर कायमचा निवृत्त केला. टोरंटोचा शेवटचा कप 1967 चा. गार्डन्सची इमारत अजून उभी आहे. खाली किराणा-भाजीचं मोठं दुकान आहे, वर विद्यापीठाचं क्रीडा केंद्र. रिंकचा मध्यबिंदू कुठे होता ते दाखवणारा लाल ठिपका दुकानाच्या फरशीवर, मांडण्यांच्या मधोमध आहे.

बॅरिल्कोच्या गोष्टीने मालिकेची बाकी सगळी माणसं झाकोळली, त्यात मॅकनीलवर सर्वाधिक अन्याय झाला. वास्तविक हरलेल्या माँट्रियलचा सुवर्णकाळ इथूनच सुरू होतो. 1951 ते 1960 या दहाही वर्षी हा संघ अंतिम मालिकेत होता. 1953 मध्ये बोस्टनविरुद्धचा निर्णायक सामना पुन्हा जादा वेळेत गेला. मॅकनीलने एकही गोल होऊ दिला नाही आणि एल्मर लाखने 1–0 असा निकाल लावला. त्या आनंदात रिचर्डने लाखला अशी काही मिठी मारली की त्याचं नाकच मोडलं. पुढच्या वर्षी डेट्रॉइटविरुद्ध सातवा सामना, पुन्हा जादा वेळ. डेट्रॉइटच्या टोनी लेस्विकचा साधासा उंच फटका माँट्रियलच्याच डग हार्वेने हाताने अडवायला पाहिलं, पक त्याच्या हातमोज्याला लागून दिशा बदलून आत गेला. चार वर्षांत तीनदा कपचा फैसला करणारा गोल जादा वेळेत झाला आणि तिन्ही वेळा एका बाजूच्या गोलमध्ये मॅकनीलच होता. त्यानंतर ती जागा जॅक प्लांटने घेतली. 1956 पासून माँट्रियलने सलग पाच कप जिंकले, आणि 1959 मध्ये एक फटका तोंडावर बसल्यावर याच प्लांटने मुखवटा चढवला तो कायमचाच.