रस्त्यांची फरसबंदी : बिघाड व वाहतूकक्षमता

वाहनांचा भार स्वतःवर झेलून तो खालील जमिनीच्या विस्तृत क्षेत्रावर पसरविणे, हे रस्त्याच्या फरसबंदीचे मुख्य कार्य होय. हे कार्य नीट होईनासे झाले म्हणजे रस्त्यात चाकोऱ्या पडतात, पृष्ठभाग भेगाळतो व अखेर खड्डे पडतात. वाहतूकक्षमता ही याहून निराळी गोष्ट आहे. विशिष्ट रुंदीच्या रस्त्यावरून ठराविक वेळात जास्तीत जास्त किती वाहने जाऊ शकतील, याचे ते माप आहे. मजबूत रस्ता वाहतुकीस अपुरा पडू शकतो, तसाच ऐसपैस रस्ता दोन पावसाळ्यांत फुटू शकतो. व्यवहारात मात्र या दोहोंची गल्लत होते आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर योजला जातो.

ठाणे जिल्ह्यातील काळू नदीकाठचे टिटवाळा (ता. कल्याण) या दृष्टीने उद्‌बोधक आहे. मुंबई–आग्रा महामार्ग व कल्याण–मुरबाड–माळशेज मार्ग यांच्या दरम्यान वसलेल्या या गावी महागणपतीच्या दर्शनासाठी अंगारकी चतुर्थीस मोठी गर्दी लोटते. त्या दिवशी मोटारगाड्या, रिक्षा व दुचाकी यांनी रस्ते तुंबतात. परंतु अशा हलक्या वाहनांमुळे फरसबंदीला जवळजवळ काहीच इजा होत नाही. वाढत्या वस्तीच्या बांधकामासाठी विटा, खडी, रेती व सिमेंट वाहून नेणारे मालट्रक संख्येने थोडे असले, तरी फरसबंदीचे आयुष्य मुख्यतः तेच खर्ची घालतात.

आसभाराचा परिणाम : अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ऑटावा येथे १९५८–६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर निरनिराळ्या भारांचे ट्रक सतत चालवून विस्तृत चाचण्या घेण्यात आल्या. फरसबंदीचे नुकसान आसावरील भाराच्या साधारणपणे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे त्यांतून आढळले. म्हणजे आसभार दुप्पट झाल्यास नुकसान सोळापट होते. अभिकल्पात ८० किलोन्यूटन (सु. ८.२ टन) भाराचा एकेरी आस प्रमाण मानतात. याच्या एक दशांश भार असलेल्या मोटारगाडीच्या आसामुळे होणारे नुकसान प्रमाण आसाच्या केवळ एक दहा-हजारांश भरते. भारतात चार टायरांच्या एकेरी आसावरील कायदेशीर भारमर्यादा २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. भारातील ही वाढ सु. १३ टक्के असली, तरी चौथ्या घाताच्या नियमानुसार नुकसान सु. ६० टक्क्यांनी वाढते. मर्यादेबाहेर भरलेल्या ट्रकांचा हिशेब यात धरलेला नाही.

लवचिक फरसबंदीत मूळ मातीवर मुरमाचा उपपाया, त्यावर खडीचा पाया व सर्वांत वर डांबरी थर असतात. प्रत्येक चाक जाताना डांबरी थर किंचित वाकतो व त्याच्या तळाशी ताण निर्माण होतो. लाखो वेळा असे घडल्यावर थरास शीण येऊन तळातून भेगा निघतात आणि पृष्ठभागावर मगरीच्या कातडीसारखी जाळी उमटते. दुसरीकडे मूळ माती थोडीथोडी दबत जाऊन चाकोऱ्या पडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (स्थापना १९३४) लवचिक फरसबंदीविषयक मार्गदर्शक तत्त्वांत मुख्यतः या दोन प्रकारच्या बिघाडांना मर्यादा घालून थरांची जाडी ठरवितात. ही संस्था मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीच्या शिफारशींतून निघाली.

पाणी : कोकणात भारापेक्षाही पाणी हा मोठा शत्रू आहे. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सु. २,५०० मिमी. पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व चार महिन्यांत पडतो. टिटवाळ्याच्या परिसरातील कित्येक रस्ते भातखाचरांतून भराव घालून नेलेले आहेत. दोन्ही बाजूंस पाणी साचलेले असताना भरावाची माती खालून व कडेने भिजत राहते. मातीची भारधारणाशक्ती मोजण्याच्या कॅलिफोर्निया चाचणीत नमुना मुद्दाम चार दिवस पाण्यात ठेवतात, तो यासाठीच. भिजलेल्या चिकण मातीचे हे मूल्य २ ते ४ टक्क्यांपर्यंत उतरते. चांगल्या मुरमाचे १० टक्क्यांहून जास्त राहते. शिवाय भेगांतून शिरलेले पाणी चाकाखाली दाबले जाऊन खडीवरील डांबराचा लेप सोलून काढते. म्हणून पावसाळ्यात दिसणारा खड्डा हे बहुधा उशिरा प्रकट झालेले लक्षण असते. मूळ दोष तुंबलेले गटार, बुजलेली मोरी किंवा रस्त्यापेक्षा उंच झालेली साइडपट्टी यांत असतो. जलवाहिनी वा केबल यांसाठी खणलेले चर नीट दाबून न भरल्यास तेथेही हेच घडते. पाणी भरलेल्या खड्ड्यात खडी लोटणे हा उपाय नव्हे. खड्डा चौकोनी कापून, सैल भाग काढून, कोरडा करून, कडांना व तळाला डांबर लावून मिश्रण थराथराने दाबले, तरच ठिगळ टिकते.

सिमेंट काँक्रीटची दृढ फरसबंदी भार अधिक विस्तृत क्षेत्रावर पसरविते व पाण्यास अधिक दाद देत नाही. नागपूरपासून भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंतचा ७०१ किमी. लांबीचा, जून २०२५ मध्ये पूर्णतः खुला झालेला समृद्धी महामार्ग मुख्यतः याच प्रकारचा आहे. तथापि सांध्यांतून पाणी शिरून खालची माती वाहून गेल्यास काँक्रीटचे पट्टही तडकतात.

वाहतूकक्षमतेचे मापन : निरनिराळी वाहने एकाच मापात आणण्यासाठी मोटारगाडी हे एकक धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या कोष्टकानुसार ग्रामीण रस्त्यावर दुचाकीचे मूल्य ०.५, ट्रक वा बसचे ३ व बैलगाडीचे ८ आहे. बैलगाडीचे मूल्य तिच्या वजनामुळे नव्हे, तर मंद गतीमुळे मोठे आहे. सपाट प्रदेशातील दुपदरी रस्त्यासाठी दिवसाला १५,००० एकके ही अभिकल्प-मर्यादा मानली आहे. ती ३०,००० दुचाकींनी भरते, तशीच ५,००० ट्रकांनीही भरते. क्षमतेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. फरसबंदीच्या दृष्टीने त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. याच कारणास्तव वाहनांची वर्गवार गणना व आसभारांचे वजन करणारी पाहणी या दोन्ही स्वतंत्रपणे कराव्या लागतात. केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेने मिश्र वाहतुकीच्या अभ्यासावरून २०१७ मध्ये भारतीय महामार्ग-क्षमता पुस्तिकाही तयार केली आहे.

वाहनांची घनता वाढत गेली, की वेग उतरतो. प्रवाह हा वेग व घनता यांचा गुणाकार असल्याने तो एका मर्यादेपर्यंत वाढतो व नंतर घटू लागतो. कोंडी होते ती या उतरणीवर. कडेला उभ्या राहणाऱ्या रिक्षा, फेरीवाले व रेल्वेचे फाटक यांमुळे ही मर्यादा आणखी खाली येते. रस्त्याची रुंदी ठरविताना वर्षातील सर्वाधिक गर्दीचा तास न घेता सामान्यतः तिसाव्या क्रमांकाचा तास घेतात. अंगारकी वर्षातून एकदोनदा, फार तर तीनदा येते. तिचे तास बहुधा या वगळलेल्या तासांतच मोडतात. तिच्यासाठी रस्ता रुंद करणे परवडणारे नसून एकदिशा वाहतूक, गावाबाहेर वाहनतळ व रेल्वेचा अधिक वापर हेच उपाय ठरतात. रोजच्या सकाळ-संध्याकाळची गर्दी मात्र रुंदीकरणाच्या वा वळणरस्त्याच्या हिशेबात धरलीच पाहिजे.

हे दोन प्रश्न वेगळे असले, तरी एकमेकांवर परिणाम करतात. खड्डा चुकविण्यासाठी वाहन वेग कमी करून दुसऱ्या पदरात शिरते, तेव्हा पदर असूनही नसल्यासारखा होतो. उलट, डांबरी मिश्रण ऊष्ण हवेत व दीर्घकाळ दाबाखाली राहिल्यास अधिक सरकते; त्यामुळे कोंडीत रेंगाळणारा भरलेला ट्रक वेगाने जाणाऱ्या तितक्याच भाराच्या ट्रकापेक्षा खोल चाकोरी पाडतो. फाटके, चौक व चढ यांच्या अलीकडील पट्ट्यात, जेथे वाहने थांबतात व ब्रेक लावतात, तेथे डांबरी पृष्ठभागावर लाटा उठलेल्या दिसतात, त्या यामुळेच. अशा पट्ट्यांत काँक्रीटची फरसबंदी किंवा अधिक घट्ट डांबराचे मिश्रण वापरणे इष्ट ठरते.