ट्रकला दम का लागतो?

बोरघाट चढताना मालाने भरलेला ट्रक अडखळतो. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी धक्का खाऊन पुढे सरकते. घाट कसाबसा संपतो आणि ‘पिकअप घेत नाही’ ही तक्रार घेऊन तो पहिल्या दिसेल त्या गॅरेजसमोर थांबतो. तिथे सल्ला ठरलेला असतो: ‘हे सगळं बीएस-सिक्सचं झेंगट आहे. ईजीआर बंद करू, सायलेन्सरमधली जाळी काढून टाकू. गाडी पळेल.’

गाडी काही दिवस पळतेही. पण हा उपचार ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखा आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्स निकष लागू झाले. अवजड वाहनाच्या इंजिनाने एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास काम केले, तर त्यामागे नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा साडेतीन ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमवर आली. धुरातल्या सूक्ष्म कणांच्या नुसत्या वजनावर नव्हे, तर संख्येवरही बंधन आले. त्यासाठी सायलेन्सरच्या जागी काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) आणि युरियाच्या द्रावणाने नायट्रोजन ऑक्साइड निष्प्रभ करणारी यंत्रणा बसली. अनेक ट्रकांत ईजीआर व्हॉल्व्हही असतो. तो थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडतो, त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि हा वायू मुळातच कमी तयार होतो.

बिघाड ओळखताना पहिला प्रश्न रुग्णाला विचारतात तोच: त्रास नेमका कधी होतो? सिग्नलवरून निघताना गाडी अडखळत असेल आणि काळा धूर सोडत असेल, तर काजळीने उघडाच अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह हा पहिला संशयित. चढावर, पूर्ण भारात दम लागत असेल तर फिल्टर तुंबला असण्याची शक्यता मोठी. पण डिझेल फिल्टर चोंदला तरी लक्षण तेच. आणि धक्के न बसता गाडी सारखीच मरगळलेली वाटत असेल, डॅशबोर्डवर दिवाही लागला असेल, तर बहुधा कॉम्प्युटरनेच ताकद मुद्दाम कमी केलेली असते. युरिया संपला, भेसळीचा निघाला किंवा नायट्रोजन ऑक्साइडचा सेन्सर बिघडला की तो असे करतो. भेसळीचे कारण आपल्याकडे वारंवार भेटते. शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो; तो पाण्यात विरघळवून टाकीत ओतला तर पुढचे महागडे उत्प्रेरक खराब होते.

स्कॅनरवरचे कोड पुसण्याआधी लिहून घ्यावेत, ही साधी गोष्ट फार कमी ठिकाणी होते. ‘फिल्टर तुंबला’ असा कोड आला म्हणून लगेच फिल्टरच बदलायचा नसतो. त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळी फुटली तरी आकडा चुकतो. फिल्टर खरोखर तुंबला असेल तर इतकी काजळी आली कुठून, हे पाहावे लागते: टर्बोचा फाटलेला होज, गळका इंजेक्टर की भलतेच इंजिन ऑइल? ऑइलची राख फिल्टरमध्ये जळत नाही, साठतच जाते. काजळी मात्र ५५० ते ६०० अंशांवर जळते. शहरात थांबत-थांबत चालणारा डंपर त्या तापमानापर्यंत पोहोचत नाही, आणि जाळण्याचे काम सुरू असताना दरवेळी चावी बंद केली तर न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरू लागते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर ती आनंदाची बातमी नव्हे.

आता ती काढलेली ‘जाळी’. ती जे अडवत होती ते जाते कुठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या गटात आहेत तोच हा गट. त्यातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या वायुकोशापर्यंत उतरतात, हृदयविकाराचा धोका वाढवतात. नायट्रोजन ऑक्साइड दमेकऱ्याच्या श्वासनलिका चिडवतात. हे सगळे आधी वाट्याला येते ते रांगेत मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या, टोलनाक्यावरच्या कर्मचाऱ्याच्या आणि सायलेन्सरखाली झोपून काम करणाऱ्या पोऱ्याच्या. डिझेल वाचले म्हणून खूश होणारा मालक सहसा तिथे नसतो.

दुरुस्ती करतानाही जपावे लागते. फिल्टर उघड्यावर हवेच्या पाइपाने फुंकून साफ करणे सर्रास चालते. ती राख आणि काजळी सरळ फुंकणाऱ्याच्या छातीत जाते. रुमाल बांधून भागत नाही. हे काम बंदिस्त यंत्रात व्हावे, नाहीतर निदान एन-९५ मास्क तरी असावा. उभ्या गाडीत काजळी जाळायची असेल तर ती बंद शेडमध्ये नको आणि वाळक्या गवतावरही नको.

सेकंडहँड बीएस-सिक्स ट्रक घेणाऱ्याने इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहावे. फिल्टर शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघते. काळेकुट्ट निघाले, तर फिल्टर फुटला आहे किंवा कुणीतरी आधीच काढून टाकला आहे.