बरे होणे, बरे करणे

रोग, जखम वा वेदना यांपासून मुक्त होणे अथवा मुक्त करणे या अर्थाचे मराठी शब्दप्रयोग. ‘बरा’ हा शब्द संस्कृत ‘वर’ (उत्तम) या शब्दापासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘चांगला’ असा आहे. ‘बरे होणे’ याचा कर्ता रुग्ण, तर ‘बरे करणे’ याचा कर्ता वैद्य वा औषध. याखेरीज ‘गुण येणे’, ‘उतार पडणे’, ‘आराम वाटणे’, ‘फरक पडणे’ हे प्रयोग रूढ आहेत. त्यांत रुग्ण वा रोग कर्त्याच्या जागी येत नाही. ‘रुग्णाला गुण आला’, ‘तापाला उतार पडला’ असेच म्हटले जाते.

लॅटिन भाषेतील ‘मेडेरी’ या क्रियापदाशी याचे काहीसे साम्य आहे. त्याचे रूप कर्मणी, पण अर्थ कर्तरी असून ज्यावर उपचार करावयाचा तो रोग वा रुग्ण चतुर्थी विभक्तीत येतो. त्याचा धातू ‘मोजणे, योग्य उपाय योजणे’ या अर्थाचा मानला जातो. ‘मेडिसिन’ हा शब्द याच कुळातला. ‘सानारे’ म्हणजे निरोगी करणे. येथे भर फलावर आहे. ‘कूरारे’ म्हणजे काळजी घेणे. त्याच कुळातील ‘क्युअर’ या इंग्रजी शब्दात मात्र काळजीचा अर्थ मागे पडून रोगमुक्तीचा पुढे आला. संस्कृत ‘चिकित्सा’ हा शब्द ‘कित्’ धातूच्या सन्नन्त रूपावरून बनला असून व्याकरणपरंपरेने त्याचा अर्थ व्याधीचा प्रतिकार असा दिला आहे. म्हणजे तोही प्रयत्नवाचकच होय, फलवाचक नव्हे. ‘पाठचिकित्सा’ या शब्दात तर रोगाचा संबंधच उरत नाही.

नांदेड व लातूर हा प्रदेश 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. दवा, इलाज, आराम, फरक हे अरबी-फार्सी शब्द मराठीत सर्वत्र रुळलेले असले, तरी येथे त्यांना राजभाषा उर्दूचे व शेजारच्या दखनीचे पाठबळ मिळाले. ‘इलाज’ म्हणजे उपचार. ‘नाइलाज’ या शब्दाचा मात्र दवाखान्याशी संबंध उरला नसून त्याचा अर्थ निरुपाय असा झाला आहे. ‘उतारा’ हा शब्द विषावरील औषधालाही लावतात आणि दृष्ट वा बाधा काढण्यासाठी ओवाळून टाकलेल्या अन्नालाही. सातबाराचा उतारा निराळा.

गुण येणे आणि बरे होणे यांतील भेद केवळ शाब्दिक नाही. क्षयरोगात उपचारांच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप व खोकला बहुधा कमी होतो, वजन वाढू लागते. रुग्ण ‘फरक आहे’ असे सांगतो ते खरेच असते. परंतु तेवढ्यावरून औषध थांबविल्यास शेष जंतू पुन्हा वाढतात व औषधांना दाद न देणारे होऊ शकतात. नेहमीच्या क्षयावरील उपचार साधारणतः 6 महिने चालतात. कुष्ठरोगात याच्या उलट घडते. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने 6 किंवा 12 महिन्यांत जंतुसंसर्ग संपतो, पण मज्जातंतूंची झालेली हानी पुष्कळदा भरून येत नाही. बधिर हात किंवा वाकडी बोटे पाहून घरचे व गावकरी त्या माणसाला बरा झालेला मानावयास तयार होत नाहीत. वैद्यकाच्या दृष्टीने तो बरा झालेला असतो. कुष्ठरोग कार्यक्रमाच्या नोंदींत अशा व्यक्तीसाठी ‘उपचारांतून मुक्त’ या अर्थाची संज्ञा वापरतात.